मधातील कीटकनाशकांचे अंश

प्रश्न : वडखळजवळ आमच्या बागेत सातेरी माश्यांच्या चार पेट्या आहेत. शेजारी आंब्याच्या मोहरावर फवारणी होते. औषध मधात उतरते काय? ते घरी ओळखता येईल काय?

उत्तर : उतरू शकते, घरी मात्र ओळखता येणार नाही. पाण्यात थेंब सोडणे, वात पेटवणे हे घरगुती उपाय भेसळीचीदेखील खात्रीलायक साक्ष देत नाहीत, मग विषाच्या अंशाची काय देणार! तुडतुड्यांवर मारलेले इमिडाक्लोप्रिडसारखे औषध मकरंदातून पोळ्यात पोहोचते, ते किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशात मोजावे लागते. त्यासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या व आता सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीने मध पाण्यात विरघळवून, त्यात ॲसिटोनायट्राइल हे द्रावक व क्षार घालून नळी जोराने हलवली, की साखर खाली पाण्यात राहते, औषध वरच्या थरात येते, आणि तो थर शुद्ध करून वस्तुमान-वर्णपटमापक यंत्रास रुजू करतात. द्राक्षांच्या निर्यातीपायी ही विद्या पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात चांगलीच रुजली आहे.

मधाच्या जगभरच्या १९८ नमुन्यांपैकी पाऊणशे टक्क्यांत निओनिकोटिनॉइड, म्हणजे इमिडाक्लोप्रिडच्याच गटातील एखादे तरी औषध आढळल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. बहुतेकांतील प्रमाण माणसासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आतच होते, माश्यांची कैफियत निराळी.

तपासणीसाठी नमुना प्रत्येक पेटीचा वेगळा, कोरड्या काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवावा; चिठ्ठीवर काढणीची तारीख व फवारलेल्या औषधाचे नाव अवश्य लिहावे. शेजाऱ्याकडून ते नाव मिळवणे, माझ्या अनुभवाने, यंत्रापेक्षा अवघड. शक्य असल्यास त्यांना फवारणी सायंकाळी, माश्या परतल्यावर करण्याची विनंती करावी.