धरणाची गणिती प्रतिकृती आणि नेमक्या बिंदूवरील निष्कर्ष

धरण बांधून पूर्ण झाले म्हणजे अभियंत्याचे काम संपले असे होत नाही. जलाशय भरतो आणि रिता होतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात काँक्रीट प्रसरण व आकुंचन पावते. पायातील खडकात पाण्याचा दाब कमी-अधिक होत राहतो. या सर्वांचा धरणावर काय परिणाम होईल, याचा अंदाज आज संगणकावरील गणिती प्रतिकृतीच्या साहाय्याने घेतला जातो. अशा प्रतिकृतीतून लाखो आकडे बाहेर पडतात. त्यांपैकी कोणता आकडा, कोणत्या जागेचा व कोणत्या क्षणाचा घ्यावयाचा, यावर धरणाच्या सुरक्षिततेविषयीचा निर्णय अवलंबून असतो.

नाशिक येथील कार्य

महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘मेरी’, ही नाशिक येथे १९५९ मध्ये स्थापन झाली. राज्याची मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आणि १९८० मध्ये स्थापन झालेली धरण सुरक्षितता संघटना यांची कार्यालयेही नाशिकलाच आहेत. सांडव्याची लहान प्रमाणातील प्रतिकृती उभारून तीवरून पाणी सोडावयाचे व त्याचे वर्तन पाहावयाचे, ही जलशास्त्रीय संशोधनाची जुनी पद्धत आहे. अशा प्रतिकृतीत दाब मोजण्यासाठी बारीक छिद्रे ठेवून त्यांना नळ्या जोडतात. छिद्र जेथे असेल तेथीलच दाब कळतो. साहजिकच छिद्रे कोठे ठेवावयाची, याचा विचार आधीच करावा लागतो. गणिती प्रतिकृतीत मात्र सर्वच ठिकाणचे आकडे मिळत असल्याने हा विचार मागे पडण्याचा संभव असतो. तो किती महत्त्वाचा आहे, हे कोयनेच्या उदाहरणावरून दिसून येते.

कोयनेचा धडा

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना परिसरात सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले. तथापि त्याच्या काही खंडांत आडव्या भेगा पडल्या. या भेगा प्रामुख्याने पायाशी नव्हे, तर पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर, म्हणजे धरणाच्या मागील बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीजवळ आढळल्या.

धरणाचे संकल्पन त्या काळच्या प्रचलित पद्धतीने झाले होते. भूकंपाचा जोर पायापासून माथ्यापर्यंत सारखाच धरावयाचा, असा तिचा प्रघात होता. प्रत्यक्षात धरण लवचीक असल्याने माथ्याकडील भाग अधिक हेलावतो. धरणातील यंत्राने नोंदविलेल्या हादऱ्यांच्या आधारे अनिल चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्याने संगणकावर विश्लेषण केले आणि ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. उतार बदलण्याच्या पातळीजवळ काँक्रीटच्या ताणशक्तीहून अधिक ताण उत्पन्न झाल्याचे त्यात दिसून आले. पुढे या खंडांना मागील बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणण्यात आली. कोयनेचे हे उदाहरण आज जगभर संगणकप्रणालींची कसोटी घेण्यासाठी वापरले जाते.

आकडे कसे तयार होतात?

गणिती प्रतिकृतीत धरणाचा छेद लहान लहान तुकड्यांत विभागतात. तुकड्यांचे कोपरे जेथे जुळतात त्या सांधबिंदूंचे विस्थापन, म्हणजे मूळ जागेपासून झालेली हालचाल, संगणक प्रथम काढतो. नंतर त्यावरून प्रत्येक तुकड्याच्या आतील ठरावीक बिंदूंवर ताण काढला जातो. सांधबिंदूवर दिसणारा ताण हा बहुधा आतील बिंदूंवरून बाहेर नेलेला व शेजारच्या तुकड्यांमध्ये सरासरी काढलेला असतो. काँक्रीट व खडक जेथे भेटतात तेथे अशी सरासरी काढल्यास दोहोंमधील खरा फरक झाकला जातो. तेथे दोन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्रपणे पाहावेत.

एका छेदात २,००० सांधबिंदू आहेत व भूकंपाचे १,००० क्षण विचारात घेतले आहेत असे समजू. प्रत्येक बिंदूच्या दोन दिशांतील विस्थापनांचेच ४० लाख आकडे होतात. ही रास चाळत बसण्यापेक्षा हवे ते बिंदू आधीच ठरवून त्यांना नावे देणे श्रेयस्कर ठरते.

दोन बिंदूंच्या मधले उत्तर

हवा असलेला बिंदू सांध्यावर नसेल, तर शेजारच्या बिंदूंवरून त्रैराशिकाने उत्तर काढतात. मातीच्या धरणात २० मीटर अंतरावरील दोन बिंदूंवर पाझराची पातळी ६१२ व ६०८ मीटर आहे असे मानू. पहिल्यापासून ५ मीटरवरील पातळी ६११ मीटर येईल. ज्या राशी सावकाश बदलतात त्यांना ही रीत चालते. उतार बदलतो तेथे मात्र ताण थोड्या अंतरात झपाट्याने वाढत असल्याने दूरच्या दोन बिंदूंमधील सरळ रेषा तो शिखरबिंदू दाखवीत नाही. तेथे तुकडे बारीक करणे आवश्यक असते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. आत वळलेल्या तीक्ष्ण कोपऱ्यात तुकडे जितके बारीक करावेत तितका गणिती ताण वाढतच जातो. म्हणून केवळ कोपऱ्यावरील एका आकड्यावर विसंबू नये. त्या पातळीवरील संपूर्ण आडव्या रेषेवरचा ताण पाहावा व तुकड्याचा आकार अहवालात नमूद करावा.

काळाचेही असेच आहे. भूकंपात धरण पुढे-मागे झुलते. जलाशयाकडील बाजूवर ताण येतो तेव्हा मागील बाजूवर दाब असू शकतो. शेवटच्या क्षणाचा आकडा घेतल्यास मधला सर्वाधिक ताण नजरेतून निसटतो. प्रत्येक निवडक बिंदूचा आरंभापासून अखेरपर्यंतचा आलेख काढणे हाच योग्य मार्ग होय.

मोजमापाशी मेळ

गणिताची खरी परीक्षा प्रत्यक्ष मोजमापाने होते. धरणात बसविलेल्या दाबमापक, लोलक व तत्सम उपकरणांच्या जागा प्रतिकृतीत नेमक्या दाखविल्या, तरच दोन्ही आकड्यांची तुलना करता येते. उंची कोणत्या पातळीपासून मोजली, धन दिशा कोणती मानली आणि त्या दिवशी जलाशयात पाणी किती होते, याची नोंद नसेल तर तुलना निरर्थक ठरते.

धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१ अन्वये विनिर्दिष्ट धरणांवर उपकरणे बसविणे आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे बंधनकारक झाले आहे. अहवाल हाती आल्यावर अधिकाऱ्यांनी चार गोष्टी पाहाव्यात : बिंदू कोणता, क्षण कोणता, आकडा थेट काढलेला की सरासरीचा, आणि त्याच जागी मोजमाप उपलब्ध आहे काय. शिक्षकांना पाझराचे उदाहरण वर्गात सहज घेता येईल. धरणाखालील गावांच्या पंचायत सदस्यांनी पाझर गढूळ झाल्याचे वा नवी ओल दिसल्याचे कळविताना नेमकी जागा, तारीख व जलाशयाची पातळी लिहिली, तर ती नोंद अभियंत्याच्या तपासणीस उपयोगी पडेल. धरणाच्या भक्कमपणावर खालच्या गावांचे जीवित अवलंबून असते. त्याविषयीचा प्रत्येक आकडा नेमक्या जागेशी बांधलेला असला पाहिजे.