गंज आतून खातो

शहापूर तालुक्यातल्या मंडळींना मुंबईच्या पाण्याचे नळ माहीत आहेत. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. तेव्हापासून तिथले पाणी नळांतून मुंबईला जाते. पुढे १९५७ साली मोडक सागर झाला. नंतर भातसा आले. नळ वाढत गेले. काही नळ एवढे मोठे, की आत माणूस उभा राहील. हे पाणी आमच्या दारावरून जाते आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांना टँकर लागतो. पण ते गाऱ्हाणे आज नको. आज त्या नळांच्या लोखंडाचे बोलू.

एवढे लोखंड उन्हापावसात आहे. कुठे जमिनीवर, कुठे जमिनीखाली. ते किती झिजले, हे न फोडता कसे कळावे?

आधी माझी चूक सांगतो. मी हेडमास्तर होतो तेव्हा शाळेत पाण्याची टाकी होती. ती अँगलच्या चार पायांवर उभी होती. दर दिवाळीला मी तिला हिरवा रंग देववीत असे. जुना रंग खरवडायचा नाही, वरच नवा फासायचा. टाकी कशी नव्यासारखी दिसे! एका पावसाळ्यात रात्री ती कोसळली. सकाळी आम्ही पाहिले. एक पाय अगदी जमिनीलगत मोडला होता. शिपायाने तो बोटाने दाबला, तर भुगा निघाला.

“गुरुजी, हा तर नुसता रंगच उभा होता!” तो म्हणाला.

दुपारच्या सुट्टीत पोरे त्या टाकीखालीच पाणी पीत. ते मनात आले की अजून अंगावर काटा येतो.

आता गंज म्हणजे काय ते पाहा. लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र लागली, की त्यात एक बारीकशी वीज वाहू लागते. जिथून ती निघते, तिथले लोखंड झिजते. त्याची तांबडी माती होते, तोच गंज. मीठ असले की काम आणखी भराभर चालते. खताचे पोते पत्र्याला टेकवून ठेवले तर काय होते, ते तुम्ही पाहिलेच असेल.

लोखंडाला वाचवायचे तर पाणी आणि हवा दूर ठेवायची. म्हणून रंग, डांबर, जस्त यांचा थर देतात. घराच्या पांढऱ्या पत्र्यावर जस्त असते. चांगल्या पत्र्यावरही एका बाजूचा थर केसाहून पातळ. जस्त आधी स्वतः झिजते, तोवर लोखंडाला धक्का लागू देत नाही. जस्त संपले, की पत्रा तांबडा पडू लागतो.

हा थर नीट आहे की नाही, आणि आत लोखंड किती उरले, हे सांगणारी यंत्रे असतात. त्यांना सेन्सर म्हणतात. सेन्सर म्हणजे चाहूल घेणारा.

एका यंत्रात लोहचुंबक असते. रंगाचा थर पातळ असला तर चुंबक जोरात ओढते, जाड असला तर कमी. त्यावरून थराची जाडी कळते. दुसरे यंत्र विजेचा ब्रश फिरवते. नळ जमिनीत पुरण्याआधी त्याच्या लेपावरून तो फिरवतात. लेपात सुईच्या टोकाएवढे भोक असले तरी तिथे ठिणगी पडते आणि यंत्र वाजते.

बाजारात आपण मडके वाजवून घेतो ना? तिसरे यंत्र तसेच. ते आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज लोखंडात सोडते. आवाज पलीकडच्या बाजूला आपटून परत येतो. पोलादात तो सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतो. परत यायला किती वेळ लागला, त्यावरून जाडी निघते. मी त्या टाकीचे पाय नुसते हातोडीने ठोकून पाहिले असते, तरी बद्द आवाज आला असता. पण ठोकले कोणी?

काँक्रीटच्या आतली सळई मात्र ठोकून कळत नाही. गोव्यात मांडवी नदीवर १९७० साली मोठा पूल झाला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारांना गंज लागला होता. वरून जाणाऱ्या माणसाला तो कसा दिसणार?

तिथे आपला मोरचूद उपयोगी पडतो. चुन्यात कालवून झाडांवर फवारतात, तोच निळा खडा. एका नळीत मोरचुदाचे पाणी भरतात. त्यात तांब्याची कांडी ठेवतात. नळीच्या तळाला ओला स्पंज असतो. एक तार सळईला जोडतात, दुसरी त्या कांडीला. मग नळी खांबावरून जागोजाग टेकवत जातात. मध्ये जोडलेल्या यंत्रावर आकडा दिसतो. तो उणे ०.३५ व्होल्टच्या खाली गेला, तर आत गंज चालू असण्याचा संभव शंभरात नव्वद. उणे ०.२० च्या वर राहिला, तर गंज नसण्याचा संभव तेवढाच. बॅटरीचा एक सेल दीड व्होल्टचा असतो. त्यावरून समजा, ही चाहूल किती बारीक! सळई किती झिजली, हे मात्र हा आकडा सांगत नाही. त्यासाठी दुसऱ्या तपासण्या कराव्या लागतात.

घरी हे यंत्र नसते. डोळे असतात. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटते. सळईच्या रेषेत सरळ तडा गेला, त्यातून तपकिरी डाग ओघळला, पोपडे पडले, तर वरून गिलावा करून झाकू नका. गावच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला असे दिसले, तर ग्रामसभेत उठून सांगा आणि तपासणी मागा. लोखंडी दाराला रंग द्यायचा असेल तर आधी तारेच्या ब्रशने आणि काचकागदाने गंज पुरता काढा. मग तांबडे अस्तर द्या. ते वाळले की रंग. हे काम पावसाआधी, कोरड्या दिवसांत करावे.

टाकी तपासायला माणसे आली, की ती मोरचुदाची नळी लावण्याआधी खांब ओला करतील. पाणी वाया घालवतात, म्हणून त्यांच्याशी भांडू नका. खांब कोरडा असला, तर यंत्र खरे सांगत नाही.