ओल्या थंडीतील शिकाऱ्याचे हातमोजे

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात तांबड्या हरणांच्या माद्यांची शिकार २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी या काळात करण्याची कायद्याने मुभा आहे. तेथील लांडगे फार पूर्वीच नामशेष झाले. त्यामुळे हरणांची संख्या मर्यादेत ठेवण्याचे काम माणसावर येऊन पडले आहे, आणि ते नेमके वर्षातील अत्यंत वाईट हवेत उरकावे लागते. या दिवसांत तपमान पुष्कळदा शून्याच्या थोडेसेच वर असते. पाऊस, बर्फमिश्रित पाऊस, धुके आणि अटलांटिक महासागरावरून येणारा वारा यांचा एकसारखा मारा चालू असतो. हरणाला वास लागू नये म्हणून शिकारी वाऱ्याला सामोरा राहून ओल्या गवतातून आणि दलदलीतून पोटावर सरपटत जातो. नंतर योग्य संधीची वाट पाहत बराच वेळ निश्चल पडून राहतो. अखेरीस एका बोटाच्या हलक्या व नेमक्या हालचालीवर सारे अवलंबून असते. ते बोट बधिर झाले असेल, तर नेम चुकतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे जनावर जखमी होऊन निसटते आणि कोठे तरी तडफडत मरते. म्हणूनच तेथे हातमोज्यांच्या निवडीला महत्त्व आहे.

ही निवड करण्यापूर्वी हाताची रचना ध्यानी घेतली पाहिजे. बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. बोटे वाकविणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या भागात असतात व ते दोरीसारख्या कंडरांनी बोटे ओढतात. बोट स्वतः फारशी उष्णता निर्माण करीत नाही. त्याला ऊब मिळते ती रक्तावाटे. शरीराचा मध्यभाग थंड पडू लागला की, हृदय, फुप्फुसे इत्यादी इंद्रियांची उष्णता राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि बोटांचा रक्तपुरवठा तुटपुंजा होतो. अशा वेळी हातमोजा कितीही जाड असला तरी त्याने राखावे असे काही शिल्लकच राहत नाही. बोटे गारठली असता टोपी घालावी, हा डोंगरी लोकांचा सल्ला ऐकावयास विचित्र वाटतो. परंतु तो शास्त्राला धरून आहे. कोपराखालचा हात व मनगट उबदार राखणेही तितकेच आवश्यक असते.

ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस यांनी १९३० साली एक लक्षणीय गोष्ट नोंदविली. बोट बर्फाच्या पाण्यात बुडविले असता प्रथम ते झपाट्याने थंड होते. परंतु काही मिनिटांनी त्यातील रक्तवाहिन्या एकाएकी रुंदावतात व बोट पुन्हा थोडे गरम होते, आणि मग हा चढउतार चालूच राहतो. या क्रियेला त्यांनी ‘हंटिंग’ हे नाव दिले. त्या शब्दाचा अर्थ शिकार असा असला, तरी येथे त्याचा शिकारीशी काही संबंध नाही. एका स्थिर बिंदूच्या मागेपुढे होणारी हेलकाव्याची हालचाल एवढाच त्याचा आशय. सर्व शरीर गारठलेले असेल, तर ही निसर्गदत्त मदत फार क्षीण होते.

बोटांच्या त्वचेचे तपमान सुमारे १५° सें.च्या खाली गेले की, बारीक कामातील कौशल्य कमी होऊ लागते, ८° सें.च्या आसपास स्पर्शज्ञान झपाट्याने मंदावते. म्हणजे हात गोठण्याच्या कितीतरी आधीच तो शिकाऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही.

आता मोज्याकडे वळू. ऊब देते ती लोकर किंवा कापड नव्हे. त्यांच्या धाग्यांत अडकून पडलेली स्थिर हवा खरी ऊब देते. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते. मोजा भिजला की हवेच्या जागी पाणी शिरते आणि उष्णतेला बाहेर पडावयास जणू राजमार्गच मिळतो. शिवाय त्या पाण्याची वाफ होताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते व तिचा काही भाग हातातूनच घेतला जातो. वारा असेल तर ही क्रिया अधिक वेगाने होते. शून्याखालच्या कोरड्या थंडीपेक्षा शून्यावरचा पाऊस हाताला अधिक जाचक होऊ शकतो, तो या कारणांनी.

हा भेद उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांइतका क्वचितच कोणी ओळखला असेल. कडक व कोरड्या हिवाळ्यात ते कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचे कपडे व मोजे वापरीत; कारण त्याच्या केसांच्या आतही हवेचे सूक्ष्म कप्पे असतात. पाण्यात काम करावयाचे असेल, किंवा बर्फ वितळू लागून सर्वत्र ओल झाली, की मात्र ते सीलच्या कातड्याकडे वळत. सीलचे कातडे कॅरिबूइतके उबदार नसते. परंतु ते पाण्याला सहसा दाद देत नाही.

स्कॉटलंडच्या शिकाऱ्यापुढे आज अनेक प्रकार आहेत. सुती मोजा मुळीच कामाचा नाही. तो पाणी शोषतो, हाताला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. पक्ष्यांच्या मऊ पिसांचा मोजा कोरड्या थंडीत उत्तम, पण भिजल्यावर पिसांचा लगदा होतो. कातड्याचा मोजा पकडीला चांगला. मात्र त्याला चरबी किंवा मेण चोळीत राहावे लागते. लोकरीविषयी ‘भिजली तरी ऊब देते’ असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश बाष्प ओलसर न भासता सामावून घेते व ते शोषताना थोडी उष्णताही देते. शिवाय तिचे कुरळे तंतू भिजल्यावर सहजी चपटे होत नाहीत. परंतु चिंब भिजलेली लोकरही आपली बरीचशी ऊब गमावते. तेव्हा तिच्यावर पाणी अडविणारे आवरण हवेच.

असे आवरण म्हणून १९७० नंतरच्या दशकांत सूक्ष्म छिद्रांचे कृत्रिम पापुद्रे प्रचारात आले. त्यांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे: बाहेरचे कापड पावसाने थबथबले की वाफेचा मार्ग मंदावतो आणि मोजा आतून ओला होऊ लागतो. चढण चढताना येणारा घाम पावसाइतकाच घातक असतो. म्हणून अनुभवी माणूस चढताना पातळ मोजे वापरतो, जाड मोजे पिशवीत कोरडे ठेवतो व निश्चल पडून राहण्याची वेळ आली की ते चढवितो.

आकाराचा प्रश्न खरोखर अवघड आहे. चारही बोटे एकाच कप्प्यात ठेवणारा मोजा अधिक उबदार असतो. कारण बोटे एकमेकांना ऊब देतात व उघडा पृष्ठभाग कमी होतो. सुट्या, बारीक बोटाभोवती जाडी वाढवीत गेल्यास बाहेरचा पृष्ठभागही वाढतो, त्यामुळे लाभ लवकरच घटू लागतो. पण एककप्पी मोज्याने बंदुकीचा घोडा दाबता येत नाही, आणि जाड बोटाचा मोजा घोड्याभोवतीच्या कड्यात अडकून अवेळी बार उडण्याचा धोका असतो. यावर तोडगा म्हणजे आत पातळ लोकरी मोजा आणि वर बोटांवरचे झाकण मागे दुमडता येईल असा एककप्पी मोजा. नेम धरण्यापुरतेच झाकण उघडावे. मोजा सैल असावा. घट्ट मोजा हवेला जागा ठेवीत नाही आणि रक्तही अडवितो. हात खाली लोंबत असतील तर कोटाची बाही मोज्यावर यावी. हात वर धरावयाचे असतील तर मोजा बाहीवर यावा, नाहीतर पाणी थेट कोपरापर्यंत ओघळते.

शून्यावरच्या तपमानातही दीर्घकाळची ओल मज्जातंतूंना इजा करू शकते; पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांच्या पायांना ती मोठ्या प्रमाणावर झाली. बधिर हात विस्तवाजवळ धरू नयेत, कारण भाजल्याचे कळत नाही. ते चोळूही नयेत, काखेत धरावेत.

भारतात १९७२ च्या कायद्यान्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस, काही अपवाद वगळता, बंदी आहे; परंतु मोज्याचे शास्त्र शाळेतही पडताळून पाहता येते. सारख्या आकाराच्या चार बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरावे. दोन बाटल्यांवर सुती पायमोजे व दोहोंवर लोकरी पायमोजे चढवावेत, आणि प्रत्येक प्रकारातील एक मोजा आधी भिजवून पिळून घ्यावा. बाटल्या पंख्यासमोर ठेवून दर ५ मिनिटांनी तपमान वहीत लिहावे. नंतर पंखा बंद करून, बाटल्यांत पुन्हा गरम पाणी भरून तोच प्रयोग करावा व दोन्ही वेळचे आकडे शेजारी-शेजारी मांडावेत.