घरचे बी, घरचा वाल

वाल आपल्या ओळखीचा आहे. कोणी त्याला वालपापडी म्हणतात, कोणी देशी घेवडा म्हणतात. त्याच्या वेलाला फार जागा लागत नाही. अंगणातले कुंपण पुरते, मांडव पुरतो, गच्चीचा कठडाही पुरतो.

नाशिकला गंगापूर रोडच्या दोन्ही बाजूंना पूर्वी मळे होते. आता तेथे पुष्कळ ठिकाणी इमारती उभ्या आहेत. मळे गेले, तसे बांधावरचे वेल गेले. वेल गेला की त्याचे बीही जाते. जांभळ्या काठाची शेंग, रुंद पांढरी शेंग, बोटासारखी लांब शेंग, अशा कितीतरी जाती घरोघरी होत्या. एखाद्या जातीचे बी शेवटच्या घरातून संपले, तर ते पैसे देऊनही मिळत नाही. म्हणून आज दोन गोष्टी शिकू. वेल कसा लावावा, आणि बी कसे राखावे.

वेल कसा लावावा?

जूनमध्ये चांगला पाऊस झाला की एक हात लांब, रुंद व खोल खड्डा घ्या. त्यात माती आणि पाटीभर कुजलेले शेणखत भरा. बोटाच्या एका पेराइतके खोल तीन दाणे टोचा. आठवड्याभरात कोंब वर येतात. दोन जोमदार रोपे ठेवा, तिसरे काढून टाका. दोन खड्ड्यांत चार फूट अंतर असावे. अंगण नसेल तर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्याला खाली भोके पाडा. मुळाशी पाणी साचता कामा नये. वेल हातभर झाला की काठीचा किंवा सुतळीचा आधार द्या.

भाद्रपदात शेजारच्या मावशींनी विचारले, "गुरुजी, वेल नुसता माजलाय. फूल एक नाही. उपटून टाकू का?"

मी म्हटलं, "मावशी, थांबा. दिवाळी येऊ द्या."

असे का? जुन्या जातीचा वाल दिवसाची लांबी ओळखतो. दिवस मोठा असेपर्यंत तो पाला वाढवतो. दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतो. मग थंडीभर शेंगा देतो. घाईने युरिया टाकला तर पालाच अधिक वाढेल. वालाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतील जिवाणू हवेतले नत्र घेऊन वेलाला देतात. म्हणून हंगाम संपल्यावर वेल कापा, पण मुळे मातीतच राहू द्या. पुढच्या भाजीला ते खत होते.

कोवळ्या शेंड्यावर काळा मावा दिसला तर निंबोळीचा अर्क फवारा. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा आणि संध्याकाळी फवारा.

बी कसे राखावे?

पुष्कळ घरी चांगल्या शेंगा खातात आणि उरलेसुरले बी ठेवतात. हे उलटे झाले. निरोगी आणि भरपूर शेंगा देणारा वेल आधी निवडा. त्याच्या चांगल्या शेंगांच्या झुबक्याला चिंधी बांधा. घरात सर्वांना सांगा, "चिंधीची शेंग तोडायची नाही." शेंग वेलावरच वाळू द्या. हलवली की खुळखुळ वाजली पाहिजे. मग दाणे काढून सावलीत वाळवा. दाण्यावर दात उमटला नाही म्हणजे तो वाळला. चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. राखेमुळे भुंगा आवरतो.

दोन जाती शेजारी लावू नका. मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात आणि बी मिसळते. विकतचे संकरित बी असेल तर त्याचे दाणे राखून उपयोग होत नाही. पुढच्या वर्षी वेल निरनिराळे निघतात. गावरान बी मात्र आईसारखेच निघते.

कोंभाळण्याच्या राहीबाई

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तो नाशिक जिल्ह्याला लागूनच आहे. तेथील कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी वालाच्या आणि इतर पिकांच्या जुन्या जाती जपल्या. बाएफ या संस्थेच्या मदतीने त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीने जगातल्या १०० स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांनी केले ते काम एका डब्यापासून आपणही सुरू करू शकतो.

डबल बी

किराणा दुकानात डबल बी नावाचा मोठा, चपटा दाणा मिळतो. तो वालाचा लांबचा भाऊबंद. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतले. पेरू देशाच्या लिमा शहरावरून त्याला लिमा घेवडा असेही नाव पडले. त्याच्याही वेलाच्या जातीला असाच आधार लागतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाल किंवा डबल बी, वाळलेला दाणा कच्चा खाऊ नये. त्यात थोडे विषारी द्रव्य असते. दाणे रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, आणि नव्या पाण्यात चांगले शिजवा. मग उसळ बिनधास्त खा.

लिहा

डब्यावर नाव नसेल, तर वर्षाने आत काय आहे ते कळत नाही. म्हणून कागदाच्या पट्टीवर असे लिहा आणि डब्याला चिकटवा :

वाल, जांभळ्या काठाची शेंग
बी दिले : मोठ्या वहिनींनी
बी काढले : फेब्रुवारी २०२५

सांगा

१. भाद्रपदात वालाला फूल का नसते?
२. चिंधी कोणत्या शेंगांना बांधावी?
३. तुमच्या घरी किंवा माहेरी कोणते जुने बी आहे? त्यातले मूठभर शेजारी द्या. आपले बी गेले, तर शेजारून परत मिळते.