टॅपिंग : बिंदू चुकला तरी बिघडत नाही

ताण आला की बोटांनी चेहऱ्यावर, छातीवर हलकेच ठोकायचे, ही ‘टॅपिंग’ची पद्धत आता मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून घरोघरी पोहोचली आहे. तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ती सर्व दुखण्यांवरचा उतारा वाटते, तर काहींना निव्वळ थोतांड. माझा सल्ला असा : जरूर करून पाहा, गुण येण्याची शक्यता बरीच आहे, पण तो ठोकण्याच्या जागेमुळे येतो, हे मात्र मानू नका. हा फरक वरवर पंडिती वाटेल, पण तुमचे पैसे, वेळ आणि प्रसंगी जीवही त्यावर अवलंबून आहे.

करायचे ते इतकेच. ज्या गोष्टीचा ताण आहे ती मनात आणायची आणि तो आत्ता शून्य ते दहापैकी किती आहे, याचा अंदाज घ्यायचा. मग एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या तळहाताची करंगळीकडची कड ठोकत, ‘उद्याच्या मुलाखतीच्या विचाराने पोटात गोळा आला आहे, तरीही मी स्वतःला आहे तसा स्वीकारतो’ अशा धर्तीचे वाक्य तीनदा म्हणायचे. नंतर भुवईचे नाकाकडचे टोक, डोळ्याच्या बाहेरच्या कडेचे हाड, डोळ्याखालचे हाड, नाकाखाली, हनुवटीच्या खाचेत, कॉलरबोनपाशी, काखेखाली चार बोटांवर आणि शेवटी टाळूवर, प्रत्येक ठिकाणी सात-आठ वेळा दोन बोटांनी ठोकायचे. ठोकताना ‘ही मुलाखतीची भीती’ एवढेच पुटपुटायचे. एक फेरी झाली की आकडा पुन्हा पाहायचा. खाली आला नसेल तर आणखी दोन-तीन फेऱ्या करायच्या. पाच-दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याला खर्च शून्य.

या पद्धतीचा उगम चीनमधला समजला जातो, पण आजचे रूप अमेरिकी आहे. रॉजर कॅलाहन या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या सुमारास ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर ठोकण्याचे उपचार सुरू केले. त्याच्या पद्धतीत प्रत्येक तक्रारीसाठी बिंदूंचा क्रम निराळा होता. १९९०च्या दशकात त्याचाच विद्यार्थी गॅरी क्रेग याने हे सगळे क्रम बाजूला ठेवून सर्वांसाठी एकच क्रम ठरवला आणि त्याला ‘इमोशनल फ्रीडम टेक्निक’ असे नाव दिले. शंका खरे तर इथेच यायला हवी होती. क्रम बदलूनही लोकांना तितकेच बरे वाटत असेल, तर क्रमात काय होते?

क्रम सोडा, ठोकण्याच्या जागेला तरी काही अर्थ आहे का, हे २००३ साली वेट आणि होल्डर या संशोधकांनी तपासले. त्यांनी ११९ विद्यार्थ्यांचे चार गट केले. एकाने ठरलेल्या बिंदूंवर ठोकले, दुसऱ्याने भलत्याच जागी, तिसऱ्याने स्वतःच्या अंगावर न ठोकता चक्क बाहुलीवर, आणि चौथ्याने यातले काहीच केले नाही. पहिल्या तिन्ही गटांची भीती कमी झाली, चौथ्याची झाली नाही. टॅपिंगच्या समर्थकांनी यावर उत्तर दिले की बाहुलीवर ठोकतानाही बोटांची टोके वापरली जातात आणि तिथेही बिंदू असतातच. हे उत्तर मान्य केले, तर कुठेही ठोकले तरी चालते असेच सिद्ध होते आणि बिंदूंच्या तक्त्याची गरज उरत नाही.

समर्थक दुसरा दाखला देतात तो कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित हार्मोनचा. २०१२च्या एका अभ्यासात ८३ जणांपैकी टॅपिंग करणाऱ्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल तासाभराच्या सत्रानंतर सुमारे २४ टक्क्यांनी घटले. व्हिडिओंमध्ये हा आकडा हमखास सांगतात. त्याच अभ्यासात जे नुसते बसून होते त्यांचेही कॉर्टिसॉल सुमारे १४ टक्क्यांनी उतरले होते, हे मात्र सांगत नाहीत. शिवाय अभ्यासाचे प्रमुख डॉसन चर्च हे स्वतः टॅपिंगचे प्रशिक्षक आहेत. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण त्रयस्थ पुराव्याइतके वजनही त्याला देता येत नाही.

मग गुण येतो कशाने? भीती टाळत राहिले की ती वाढते. सुरक्षित जागी बसून ती मनासमोर धरली की हळूहळू बोथट होते. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ व्होल्प यांनी १९५८ साली मांडलेली उपचारपद्धती या तत्त्वावरच उभी आहे आणि ताणाला आकडा देण्याची युक्तीही त्यांच्याकडूनच आली. टॅपिंगमध्ये काळजीला नाव मिळते, ती पुन्हा पुन्हा उच्चारली जाते आणि हाताला चाळा असल्याने मन तिच्यात पुरते बुडत नाही. माझ्या मते औषध आहे ते एवढेच.

यावर कुणी म्हणेल, ‘मग हे मानसिक समाधानच झाले, कशाला करायचे?’ ताण हाच मनाचा अनुभव असताना मनाला मिळालेले समाधान हलके का लेखायचे? काहीजण उलट बाजूने आपल्या मर्मस्थानांचा आधार घेतात. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मे सांगितली आहेत हे खरे. पण तिथला मुख्य मुद्दा, त्यांना इजा झाली तर काय अनर्थ होतो हा आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याने जपायच्या त्या जागा आहेत, त्यांचा टॅपिंगशी संबंध जोडणे ओढूनताणून होईल.

आता व्यवहाराचे. बिंदू नेमके शिकवण्यासाठी हजारो रुपये घेणाऱ्या शिबिरांना जाऊ नका. चारचौघांत चेहऱ्यावर ठोकायला संकोच वाटत असेल तर टेबलाखाली तळहाताची कड ठोका, भागेल. परीक्षा, भाषण, दंतवैद्याची खुर्ची अशा साध्या धास्तीसाठी हे पुरेसे आहे. मात्र अत्याचार, अपघात यांसारख्या आठवणी एकट्याने उकरू नका. त्या शमण्याऐवजी उसळण्याचा धोका असतो, तिथे प्रशिक्षित समुपदेशक सोबत हवा. छातीत दाटून येणे, घाम फुटणे, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे हा ‘ताणच असेल’ असे समजून ठोकत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटाच. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. आणि टॅपिंगने बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाची किंवा नैराश्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती कमी करायची असेल तर किती आणि कधी, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.