कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाचं पुढे काय?

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. एकीकडे नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसरीकडे लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. सदगीर जिंकला आणि हरलेल्या शैलेशला त्याने खांद्यावर उचलून घेतलं. गदा कोणीही नेली असती, तरी ती एकाच वस्तादाच्या तालमीत जाणार होती.

काका पवार स्वतः मल्ल. आपल्या बीडशेजारच्या लातूर जिल्ह्यातले, अर्जुन पुरस्कार मिळवलेले. लढणं थांबल्यावर त्यांनी पुण्यात कुस्ती संकुल उभं केलं. आपल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे आणि नंतर काकांकडे घडला. त्याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक आणलं आणि पुढे तो पोलीस उपअधीक्षक झाला. राहुलचं नाव जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्याला घडवणाऱ्यांच्या कामाकडे मात्र आपण करिअर म्हणून पाहत नाही. आज त्याच कामाबद्दल लिहितो आहे.

पालक एकच प्रश्न विचारतात : खेळणं किती दिवस? तिशी उलटली की काय? प्रश्न अगदी रास्त आहे. गुडघा एकदा गेला की तिशीचीही वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच मुलगा खेळत असतानाच दुसऱ्या डावाची तयारी सुरू व्हायला हवी.

कबड्डीच घ्या. टाळ्या चढाईपटूला मिळतात. कोपऱ्यावरचा पोरगा घोटा धरण्यासाठी दबा धरून असतो. चढाईपटूची कंबर कुठे वळते, वजन कोणत्या पायावर आहे, हे तो सारखं पाहतो. साखळीतल्या जोडीदाराने कधी पुढे जायचं, हेही बऱ्याचदा तोच सांगतो. घाई केली तर संघाचा गुण जातो, उशीर केला तरी जातो. वर्षानुवर्षं असा दुसऱ्याचा खेळ वाचत राहिलेल्या मुलाकडे प्रशिक्षकाचं निम्मं भांडवल आपोआप जमा होतं, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. तो खेळ आपल्या कबड्डीसारखाच अंगावर घेण्याचा आहे. डेमेको रायन्स हा ह्यूस्टनच्या संघाचा बचावपटू. २००६ मध्ये, पहिल्याच हंगामात, तो तिथल्या लीगमधला सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. दहा हंगाम खेळून थांबल्यावर, २०१७ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात प्रशिक्षक वर्गाच्या सगळ्यात खालच्या पायरीवरची नोकरी धरली. सामन्यांची चित्रफीत पाहायची, टिपणं काढायची, वरच्यांना द्यायची. एवढं नाव कमावलेला माणूस हे काम करत बसला. पुढच्या वर्षी त्याच्याकडे बचावातल्या एका गटाची जबाबदारी आली, २०२१ मध्ये सगळ्या बचावाची, आणि २०२३ मध्ये तो ह्यूस्टनचाच मुख्य प्रशिक्षक झाला. आदल्या हंगामात तीनच सामने जिंकलेला तो संघ त्याच्या पहिल्या वर्षी दहा जिंकून गटात पहिला आला.

खाली बसून टिपणं काढण्याची तयारी आपल्या खेळाडूंनी त्याच्याकडून घ्यावी. चांगला खेळाडू म्हणजे चांगला शिक्षक, हा समज खोटा आहे. शिकवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकायची सोय आपल्या देशात आहे. पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते. तिचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम हा या पेशातला सर्वांत वजनदार कागद. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. पदविकेसाठी सहसा पदवी लागते आणि खेळातली कामगिरीही. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. थोडक्यात, बारावीनंतर कॉलेज सोडून मैदानावर पडून राहिलेल्या मुलाला ही दारं बंद होतात. पालकांनी खेळ थांबवू नये आणि मुलाने पदवी थांबवू नये.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. सुरुवातीला मानधन तुटपुंजं असतं, नेमणूक बऱ्याचदा कंत्राटी. म्हणून खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत असलेलं ५ टक्के समांतर आरक्षण विसरू नका. पोलीस, सैन्य, रेल्वे इथे नोकरी करत खेळता येतं आणि पुढे तिथेच शिकवताही येतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, मग लष्कराच्या क्रॉसकंट्री संघात आला. तिथले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकणारा अविनाश त्या नजरेतून घडला. आधी कुणाला दिसलं नव्हतं ते ज्याला दिसतं, तो प्रशिक्षक.

आपल्या जिल्ह्याची एक अडचण मात्र बाहेरच्या कुणाला समजणार नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता निघतो. आई-बापाबरोबर पोरगं फडावर गेलं की पाच-सहा महिने सराव बुडतो, शाळाही बुडते. कितीतरी चांगले कोपरारक्षक असे उसाच्या फडात हरवतात, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. मूल तिथे राहिलं तर शाळा आणि सराव दोन्ही टिकतात. त्यासाठी क्रीडाशिक्षकाने घरी जाऊन आईला समजावावं लागतं. अर्ज भरायलाही त्यानेच बसावं.

आणि कागद जपा. ५ टक्के आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी होते. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नसेल तर त्या कागदाचा उपयोग नाही. कुणी पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणाला तर त्याच्या दारात उभे राहू नका. पडताळणीत सापडलं तर हातची नोकरी जाते.

तुमच्या घरात असा कोपऱ्यावर उभा राहणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर या आठवड्यात दोन कामं करा. तालुका क्रीडा अधिकाऱ्यांना भेटून आतापर्यंतची प्रमाणपत्रं दाखवा आणि कोणती चालतील ते विचारा. आणि मुलाला एक वही आणून द्या. प्रत्येक सामन्यानंतर त्याने त्यात लिहावं : कोणती पकड सुटली आणि का सुटली.