उरलेल्या गोळ्या
अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिन सापडले. १९४५ च्या नोबेल भाषणातच त्यांनी बजावले, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. दुबळे मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात असे क्षयरोगी आढळल्याचे २०१२ च्या सुरुवातीस जाहीर झाले. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालेना.

आमच्या गिरडला ताप उतरला की उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी जपून ठेवतात. हा अडाणीपणा नव्हे, काटकसर आहे. मजुरी बुडवून दवाखाना गाठणे सोपे नसते. परंतु ही काटकसर अखेर महाग पडते. २०२४ मध्ये न्यूमोनियावरील नाफिथ्रोमायसिन हे भारतीय प्रतिजैविक जाहीर झाले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतले नाही, तर तेही निकामी होईल.